गोळी अठ्ठावीस दिवसांची, हिशेबही तितकाच

वाचकाचं पत्र

आमच्या शाळेजवळ राहणारी चिंगी (गावठी कुत्री, अंदाजे ३ वर्षं, १४ किलो) नाकातून रक्त गळत असताना सापडली. दवाखान्यात एर्लिकिया (गोचीडतापाचा जंतू) निघाला. प्लेटलेट १८ हजार, हिमोग्लोबिन ४.२. एकदा रक्त चढवलं, ९ दिवस ती दवाखान्यात होती. आता ४ दिवस माझ्या घरी आहे. प्लेटलेट ९६ हजार, हिमोग्लोबिन ७.१. पहिले दोन दिवस जेवली, आता ताटलीपाशी जाते, वास घेते आणि मागे फिरते. डॉक्सिसायक्लिन या जंतू मारणाऱ्या औषधाची १०० मिग्रॅची दीड गोळी रोज रात्री झोपताना घशात टाकते आणि तोंड धरून ठेवते. मग ती लाळ गाळते, मान लांब करून पुन्हा पुन्हा गिळत राहते. सोबत प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू आहे. पाणी खूप पिते, घरातच लघवी करते. शेजारी म्हणतात पपईच्या पानांचा रस पाजा. आता बरी दिसते, तर २८ दिवस गोळ्या खरंच लागतात का?

बिल ३१,४०० झालं. १२,००० भरले, १९,४०० बाकी आहेत. पुढच्या तपासण्यांचे दर सोबत जोडले आहेत. मागच्या वर्षी आमच्याकडे एकानं कुत्र्यासाठी पैसे गोळा केले आणि हिशेब दिला नाही, त्यामुळे लोक चिडून आहेत. मला मागायची लाज वाटते. कसं मागू?

एक शिक्षिका, कराड

उत्तर

ताई, पैशांचं नंतर बोलू. आधी गोळी, कारण ती आज रात्रीपासूनच वेगळ्या तऱ्हेनं द्यायची आहे.

मान लांब करून पुन्हा पुन्हा गिळणं, लाळ गाळणं, भूक असूनही ताटलीपासून मागे फिरणं ही लक्षणं तुम्ही नेमकी टिपली आहेत. डॉक्सिसायक्लिनची कोरडी गोळी पोटात न उतरता अन्ननलिकेतच चिकटून बसली की ती तिथेच विरघळते आणि आतल्या आवरणाला भाजल्यासारखं करते. रात्री उपाशीपोटी गोळी दिली आणि कुत्रं लगेच आडवं झालं तर हे होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. दोन-तीन दिवसांत गिळताना दुखू लागतं आणि कुत्रं जेवण सोडतं. घरच्यांना वाटतं आजार उलटला. चिंगीच्या बाबतीत हेच झालं असावं असा आमचा दाट संशय आहे. खात्री डॉक्टरच करतील, म्हणून उद्या सकाळी त्यांना फोन करून ही लक्षणं याच शब्दांत सांगा.

गोळी सकाळी द्या. आधी अर्धं जेवण, मग गोळी उकडलेल्या चिकनच्या मऊ तुकड्यात दाबून. लगेच मागून सुई काढलेल्या सिरिंजने ५ ते ६ मिली पाणी, गालाच्या कडेनं, सावकाश. जबडा वर करून घशात ओतायचं नाही, पाणी श्वासनलिकेत जाईल. मग उरलेलं जेवण. पुढचा अर्धा तास तिला उभी किंवा बसती ठेवा, अंगणात हळू फिरवा. गोळीसोबत दूध, दही, पनीर नको. कॅल्शियम, लोहाचं टॉनिक, ॲसिडिटीचं औषध यांच्यात आणि गोळीत २ ते ३ तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध आतड्यातच बांधलं जातं आणि रक्तात पोचत नाही. अन्ननलिकेसाठी डॉक्टरांनी सुक्राल्फेट (आतल्या जखमेवर लेप धरणारं औषध) दिलं तर क्रम असा: आधी डॉक्सिसायक्लिन, त्यानंतर २ तासांनी सुक्राल्फेट. उलटा क्रम झाला तर डॉक्सिसायक्लिन वाया जातं. गिळणं फारच दुखत असेल तर याच औषधाचा कमी जळजळ करणारा प्रकार मिळतो का, हेही डॉक्टरांना विचारा.

मात्रा मनानं बदलू नका. १४ किलोला किलोमागे १० मिग्रॅ म्हणजे १४० मिग्रॅ होतात. दीड गोळी म्हणजे १५० मिग्रॅ, ती बरोबर आहे.

आता २८ दिवसांचा प्रश्न. एर्लिकिया रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत राहतो. औषध सुरू झालं की दोन-तीन दिवसांत ताप उतरतो आणि एक-दोन आठवड्यांत प्लेटलेट चढतात. म्हणून तेराव्या-चौदाव्या दिवशी कुत्रं बरं दिसतं आणि नेमक्या त्याच वेळी गोळ्या थांबवल्या जातात. जंतू मात्र अजून प्लीहेत दबा धरून असू शकतो. अर्ध्यावर सोडलेलं कुत्रं महिनोन्‌महिने धडधाकट हिंडतं आणि मग एक दिवस अस्थिमज्जाच (हाडातला रक्त तयार करणारा गर) आटल्याचं कळतं. तेव्हा लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही घसरतात, पुन्हा पुन्हा रक्त चढवूनही यश क्वचित येतं. दवाखान्यात डॉक्सिसायक्लिनचा पहिला डोस कोणत्या तारखेला दिला ते विचारून तिथून २८ मोजा. पहिल्याच दिवशी दिला असेल तर आता १५ दिवस उरलेत, म्हणजे २३ गोळ्या. एकतीस हजारांच्या बिलापुढे २३ गोळ्यांची बचत धरू नका. उरलेल्या गोळ्या आजच एकदम आणून ठेवा आणि कॅलेंडरवर रोज फुली मारा.

पपईच्या रसाचं एवढंच सांगतो: तिच्या प्लेटलेट कमी झाल्या त्या शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना मारत होती म्हणून, आणि त्याचं मूळ जंतूत आहे. औषध तिथे काम करतंय, ९६ हजारांचा आकडा त्याचीच खूण आहे. जेवण सोडलेल्या कुत्रीला कडू रस जबरदस्तीनं पाजला तर ती उरलंसुरलं खाणंही सोडेल, आणि रस फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया. डॉक्टरांनी पपईची गोळी लिहून दिली असेल तर ती जरूर द्या.

प्रेडनिसोलोनमुळे तहान आणि लघवी वाढते, त्यामुळे घरात लघवी केली म्हणून रागावू नका. दर ३ तासांनी बाहेर न्या. पाणी तोडू नका. ही गोळी मात्र एकदम बंद करायची नसते, डॉक्टर सांगतील तशी पायरीपायरीनं कमी करायची. एर्लिकिया मूत्रपिंडालाही इजा करतो, तेव्हा पुढच्या भेटीत लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारा रक्तातला आकडा) तपासून घ्या. तहानेचा सगळा दोष गोळीवर टाकून हे राहून जातं.

ताटलीत काय

१४ किलोच्या कुत्रीला नुसतं पडून राहायला दिवसाला सुमारे ५०० कॅलरी लागतात. आजारातून उठताना ७०० च्या आसपास पोचायचं. घरच्या हिशेबात ते असं बसतं: उकडलेलं बिनहाडाचं चिकन २५० ग्रॅम, शिजलेला मऊ भात १५० ग्रॅम, एक उकडलेलं अंडं. दोन चमचे शिजवलेला लाल भोपळा घातला तर शौच बांधून होतं. आठवड्यातून दोनदा २० ते २५ ग्रॅम कोंबडीची कलेजी चालेल, त्याहून जास्त नको. पहिल्या दिवशी याच्या एक तृतीयांश, तेही ४-५ वेळांत वाटून, आणि तीन दिवसांत पूर्ण मापावर या. सगळं मिक्सरमधून पातळ लापशीसारखं करा आणि कोमट द्या. कोमट अन्नाचा वास सुटतो आणि दुखऱ्या अन्ननलिकेतून ते सहज उतरतं. हे जेवण महिनाभरासाठी ठीक आहे. नंतर त्यात कॅल्शियम कमी पडतं, तेव्हा तयार खाद्य मिसळायचं की पूरक द्यायचं हे डॉक्टरांशी ठरवा.

चिकन फक्त पाण्यात उकडा. आपल्या रश्श्यातलं धुऊन दिलेलंही नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो, आणि जिचं हिमोग्लोबिन ७ आहे तिच्याकडे फोडायला पेशी उरलेल्याच नाहीत. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यातलं काहीही द्यायचं नाही. पॅरासिटामॉल लाल पेशींवर घाव घालतं, बाकीच्या गोळ्यांनी पोटातून रक्तस्राव होऊ शकतो, आणि प्रेडनिसोलोन चालू असताना हा धोका आणखी वाढतो. माणसांची गोड सिरपं देताना बाटलीवर झायलिटॉल (साखरेऐवजीचा गोडवा) लिहिलंय का ते बघा, कुत्र्यांना ते जीवघेणं असतं.

रोज काय बघायचं

सकाळी उजेडात तिचा ओठ वर करून हिरड्या बघा. अंगठ्यानं दाबा, सोडा. पांढरा झालेला ठसा २ सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या सध्या फिकट असणारच, पण कालच्यापेक्षा फिकट नकोत. पोटाच्या खालच्या भागात आणि मांडीच्या आत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके शोधा. झोपेत छाती किती वेळा वर-खाली होते ते घड्याळ लावून मोजा, मिनिटाला ३० च्या आत हवी. गुदद्वारात थर्मामीटर लावता आला तर १०० ते १०२.५ फॅरनहाइट हे तिचं साधं तापमान, आपल्या मोजपट्टीनं घाबरू नका. पुन्हा नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शी, चहासारखी लघवी, पांढऱ्याफटक हिरड्या, उभं राहताना कोसळणं, विश्रांतीतही ४० च्या वर श्वास, डोळा लाल किंवा ढगाळ होणं: यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका. नाकातून रक्त आलं तर तिला शांत बसवा, नाकाच्या वरच्या भागावर कापडात गुंडाळलेला बर्फ धरा, तोंड उघडं राहू द्या. नाकपुडीत कापूस कोंबायचा नाही.

लघवी-शीपुरतं पट्ट्यावर बाहेर, बाकी विश्रांती. पलंगावर उड्या आणि जिना नको. रक्त काढल्यावर त्या जागी ५ मिनिटं बोट दाबून धरा.

चिंगीचं रेबीजचं लसीकरण झालंय का, ते पत्रात नाही. झालं नसेल तर तिच्या तोंडात हात घालणं टाळायचं हे आणखी एक कारण. दात किंवा नख लागलंच तर १५ मिनिटं साबण-पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

पुढच्या तपासण्या, आणि कोणती टाळायची

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आता आठवड्यानं, मग २८ दिवस संपल्यावर, त्यानंतर एका महिन्यानं आणि तीन महिन्यांनी. एवढ्या चार पुरतात. यंत्रावर प्लेटलेट अचानक घसरलेल्या दिसल्या तर घाबरण्याआधी काचपट्टीवर बघायला सांगा. कुत्र्याच्या प्लेटलेट गुठळ्या करतात किंवा आकारानं मोठ्या असतात, त्या यंत्राच्या मोजणीतून सुटतात. सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या भिंगाखाली एका क्षेत्रात सरासरी १ प्लेटलेट म्हणजे ढोबळमानानं १५ हजार, हा हिशेब प्रयोगशाळेतल्या माणसाला माहीत असतो.

थेंबभर रक्तावरची पट्टीची चाचणी पुन्हा करून घेऊ नका. ती प्रतिपिंडं शोधते, आणि ती बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने, कधी त्याहून जास्त काळ राहतात. पट्टी पॉझिटिव्ह आली म्हणून पुन्हा महिनाभर गोळ्या दिल्या जातात, ते पैसे आणि ते पोट दोन्ही उगाच खर्ची पडतं. हिमोग्लोबिन मात्र महिनाभरात चढलं नाही, किंवा लघवी गडद झाली, तर बबेसिया नावाचा दुसरा गोचीडताप सोबत आहे का ते डॉक्टरांना विचारा. एकच गोचीड दोन्ही देऊ शकते, आणि बबेसियाची औषधं पूर्ण वेगळी असतात.

एकदा रक्त घेतलेल्या कुत्र्याला ४-५ दिवसांनंतर पुन्हा रक्त द्यायची वेळ आली तर आधी जुळवणी करावीच लागते, पहिल्या वेळेसारखं थेट देता येत नाही. म्हणून दात्यांची यादी आताच करून ठेवा: वजन २५ किलोच्या वर, वय १ ते ८, लसीकरण पूर्ण, अंगावर गोचीड नाही, स्वतः कधी रक्त न घेतलेलं कुत्रं. ज्यांना पैसे देणं जमत नाही त्यांच्या घरी लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड असतो. त्यांच्याकडे हे मागता येतं, आणि हे मागणं लहान नाही.

गोचीड गेली नाही तर सगळं पाण्यात. या आजारानं कायमची प्रतिकारशक्ती येत नाही आणि आपल्याकडे त्याची लसही नाही. तपकिरी गोचीड पिऊन फुगली की खाली उतरते, भिंतीच्या फटीत, फरशीच्या सांध्यात, अंगणातल्या विटांखाली जाते आणि एक मादी हजारांनी अंडी घालते. चिंगीला चिकटलेली दिसते ती थोडी, घरात असते ती बरीच. अंगासाठी गोचिडाची महिन्याची गोळी चिंगीच्या वजनाच्या गटातली घ्या (झटके आल्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा). घरासाठी डेल्टामेथ्रिनची फवारणी, बाटलीवरच्या प्रमाणात, १५ दिवसांच्या अंतरानं तीनदा. फवारा वाळेपर्यंत चिंगी बाहेर. घरात मांजर असेल तर फवारणीआधी डॉक्टरांना विचाराच, ही औषधं मांजरांना मारतात. फटी सिमेंटनं बुजवा. अशक्त कुत्रीला गोचिडाच्या औषधानं आंघोळ घालू नका. अंगावरची गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल लावायचं नाही, बोटांनी चिरडायची नाही. चिंगीकडून थेट तुमच्या मुलांना हा आजार होत नाही.

आता पैसे

लाज वाटते असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही मागताय ते चिंगीच्या नावावरच्या उधारीसाठी, आणि त्या उधारीचा कागद तुमच्या हातात आहे. मागच्या वर्षी लोक चिडले ते मागितलं म्हणून नाही, पुढे काय झालं ते कळलं नाही म्हणून. तेव्हा पहिलं काम मागण्याचं नाही, कागद गोळा करण्याचं आहे.

डॉक्टरांकडून तपशीलवार बिल घ्या: खोली, सलाईन, रक्त, तपासण्या, औषधं वेगवेगळी. लेटरहेडवर पुढच्या तीन महिन्यांचा अंदाजखर्चही मागा. बहुतेक जण फक्त बाकी बिलाचं आवाहन करतात, ते भरलं की थकून थांबतात, आणि चौथ्या आठवड्यातली तपासणी, गोचिडाची गोळी, नसबंदी याला पैसे उरत नाहीत. दुसऱ्यांदा मागायला गेलं की तेच लोक म्हणतात, अजून संपलं नाही का? म्हणून एकदाच मागा आणि शेवटपर्यंतचं मागा.

तुम्ही पाठवलेल्या दरांनुसार: बाकी बिल १९,४००. सीबीसी चार वेळा, ४५० प्रमाणे १,८००. मूत्रपिंड आणि लघवीची तपासणी दोनदा, १,१०० प्रमाणे २,२००. गोचिडाची गोळी तीन महिने, ९०० प्रमाणे २,७००. उरलेली औषधं १,५००. नसबंदी ४,५००. लसी ८००. एकूण ३२,९००. अडीअडचणीला ३,१०० धरले की ३६,०००. जेवणाचे पैसे यात धरू नका. ती तुमच्या घरी राहते, तो घास तुमचा, आणि हे आवाहनात लिहिलंत की वाचणाऱ्याला तुमची बाजूही दिसते. नसबंदी प्लेटलेट २ लाखांच्या वर आणि हिमोग्लोबिन १२ च्या आसपास आल्याशिवाय करायची नाही, शस्त्रक्रियेत रक्त थांबणार नाही. गोळ्या संपल्यावर साधारण महिना-दीड महिना धरा.

१९,४०० तुमच्या खात्यातून जाऊच देऊ नका. डॉक्टरांना विचारून दवाखान्याचाच क्यूआर आवाहनात द्या, रकमेच्या शेऱ्यात 'चिंगी' लिहायला सांगा आणि दर शनिवारी किती जमा झाले ते दवाखान्याच्या वहीतून फोटोसह घ्या. हप्त्यानं भरायची सवलतही मागून बघा, अंशतः रक्कम हातात दिसली की डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत. उरलेले १६,६०० तुमच्या एका वेगळ्या बचत खात्यात, ज्यात पगार किंवा घरखर्च येत नाही. एकाच आर्थिक वर्षात नातेवाईक नसलेल्यांकडून मिळून ५०,००० रुपयांच्या वर रक्कम आली तर ती सगळी करपात्र उत्पन्नात धरली जाते, म्हणून आकडा वर गेला तर पुढचे पैसे थेट दवाखान्यालाच द्यायला सांगा.

कोणी आयकर सवलतीची पावती मागितली तर स्पष्ट सांगा, मी ती देऊ शकत नाही. ती पावती फक्त तशी मान्यता असलेली संस्था देते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओळखीच्यांचे पैसेही स्वतःच्या खात्यात घेऊ नका. परकीय योगदानाचा २०१० चा कायदा आड येतो, त्यांना नोंदणी असलेल्या संस्थेकडे पाठवा. भारतीय पासपोर्टवर तिकडे नोकरी करणाऱ्यानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर ते परकीय धरलं जात नाही. बाजारात डबा घेऊन फिरायचा विचार सोडा. सार्वजनिक वर्गणीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं विश्वस्त संस्थांच्या कायद्यातल्या ४१ क कलमाखाली घेतात तीच. मिलाप, केटो अशा संकेतस्थळांवर कागद तपासले जातात, पैसे हातात यायला दिवस जातात आणि काही कपातही होऊ शकते. लाखाच्या घरातलं बिल असतं तर तिथे जा म्हटलं असतं. ३६,००० साठी ओळखीचीच माणसं पुरे. १८० जणांनी २०० दिले की झालं.

सुरुवात चिंगीला ओळखणाऱ्यांपासून करा: शिक्षक खोली, तिला बिस्किट टाकणारा टपरीवाला, रोज त्या रस्त्यानं जाणारे पालक. पालकांना शाळेच्या अधिकृत ग्रुपवर मागू नका, मुलांमार्फत तर अजिबात नाही. तिथे नाही म्हणणं कठीण होतं आणि तसा पैसा नंतर बोचतो. स्वतःच्या नावानं, एकेकट्याला पाठवा. गोळा होणारी रक्कम सांगण्यापेक्षा वस्तू सांगा. ४५० ची एक सीबीसी, ९०० ची एका महिन्याची गोळी. 'सीबीसी माझ्याकडून' असं माणूस लवकर म्हणतो. मजकूर असा चालेल:

*नमस्कार. शाळेजवळची तांबूस चिंगी गोचीडतापानं गंभीर आजारी होती. प्लेटलेट १८ हजार होत्या, आता ९६ हजार आहेत. रक्त चढवावं लागलं. एकूण बिल ३१,४००, मी १२,००० भरले आहेत. बाकी बिल आणि पुढच्या तीन महिन्यांचा उपचार मिळून ३६,००० लागतील, तपशील आणि बिल सोबत आहे. तिचं जेवण आणि राहणं माझ्याकडे. बिलासाठी दवाखान्याचा क्यूआर, तपासण्यांसाठी माझा. स्कॅन केल्यावर खाली लिहिलेलंच नाव दिसलं तर पैसे पाठवा. हिशेब दर रविवारी रात्री ९ वाजता याच नंबरवरून पाठवीन. ३६,००० झाले की थांबवीन. वर आले किंवा दुर्दैवानं चिंगी वाचली नाही, तर उरलेली रक्कम याच दवाखान्यात दुसऱ्या बेवारस कुत्र्याच्या बिलात जाईल आणि ती पावतीही पाठवीन. पैसे जमत नसतील, पण घरी २५ किलोवरचं निरोगी कुत्रं असेल, तर गरज पडल्यास ते रक्त द्यायला आणाल का, एवढं कळवा.*

शेवटून दुसरं वाक्य लोक गाळतात, अपशकुन वाटतो म्हणून. गाळू नका. सगळ्यात जास्त भांडणं नेमकी उरलेल्या पैशांवरून होतात.

फोटो तीन पुरेत: बिल, पहिला रिपोर्ट, आजची चिंगी. रक्ताळलेल्या नाकाचा नको, तो पाहून माणूस पुढे सरकतो. बिलावरचा तुमचा पत्ता झाका, नाहीतर महिन्याभरात दारात पिल्लांची खोकी येतात. क्यूआर बदलून आवाहनं पुढे ढकलली जातात, म्हणून नाव तपासायचं वाक्य हवंच. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, कोणी फोनवर टाकायला सांगितलं तर फोन ठेवा.

हिशेबाला पाच रकाने: तारीख, देणाऱ्याची आद्याक्षरं, जमा, खर्च आणि बिल क्रमांक. नाव जाहीर करायचं का ते देणाऱ्याला विचारा. रविवारी काहीच खर्च झाला नसेल तरी 'या आठवड्यात खर्च नाही, शिल्लक इतकी' असं पाठवा. शांत गेलेल्या आठवड्यातच संशय वाढतो. कोणी मागच्या वर्षीचा विषय काढला तर वाद घालू नका, दवाखान्याच्या वहीचा फोटो पाठवा.

पैसे कमीच पडले तर तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लस आणि साध्या तपासणीचा खर्च नाममात्र पडतो. डोळा किंवा मूत्रपिंडाचं काही निघालं तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच महामार्गावर आहे, साताऱ्याच्या पुढे. निघताना सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

आज रात्रीची गोळी झोपताना देऊ नका. अर्धी वाटी कोमट लापशी चाटवा, मग चिकनच्या तुकड्यात गोळी, मागून पाणी, आणि अर्धा तास तिच्यासोबत अंगणात. रोजची वेळ सकाळवर कशी सरकवायची ते उद्याच्या फोनवर डॉक्टरांनाच विचारा. उद्या दुपारपर्यंत तिनं काहीच खाल्लं नाही तर फोनवर थांबू नका, तिला घेऊन जा.